गळलेल्या 'ळ'ची तक्रार

जी चूक सगळ्यांना दिसते ती दीर्घायुषी असते, कारण ती दुसऱ्या कुणीतरी कळवली असणार याची प्रत्येकाला खात्री असते.

सुदुंबऱ्यात अर्ज भरून देणाऱ्या प्रेरणाच्या दुकानात अशी एक चूक सुखानं नांदत होती. तिच्या संगणकावरचं छपाईचं सॉफ्टवेअर फुकट आणि मुक्त होतं (म्हणजे ते जगातला कुणीही दुरुस्त करू शकतो, म्हणून कुणी करत नाही). कागद छापला की त्यातून ळ गळायचा. लोक तो पेनानं घालून घ्यायचे.

मग लीलाबाई शेळक्यांचा हयातीचा दाखला परत आला. लीलाबाई शेके जिवंत असल्याबद्दल कार्यालयाचा आक्षेप नव्हता. लीलाबाई शेळके यांच्याविषयी पुरावा नव्हता. पेनानं घातलेला ळ ही खाडाखोड ठरली.

"मंग मी मेले का काय?" लीलाबाईंनी शांतपणे विचारलं.

"न्हाई मावशी. मी वर कळवते."

"वर? तितं तर समदेच जायचेत."

"ज्यांनी हे बनवलं त्यांना, मावशी."

प्रेरणानं जमेल त्या इंग्रजीत तक्रार भरली. काय अपेक्षित होतं? 'बाई जिवंत.' काय घडलं? 'अर्धवट.' छपाईवाल्यांच्या मंचावरून कुणीतरी कळवलं, दोष फॉन्टचा. फॉन्टवाल्यांनी कळवलं, छपाईचा. एकतीस जणांनी 'आमचंही असंच होतं' म्हणून अंगठे उंचावले आणि ते आपापल्या कामाला लागले. साठ दिवस हालचाल नाही म्हणून यंत्रानं तक्रार परस्पर बंद केली.

प्रेरणाला पहिल्यांदा राग आला. तिनं तक्रार पुन्हा उघडली आणि दाखला हातात धरलेल्या लीलाबाईंचा फोटो जोडला.

दोन दिवसांनी नॉर्वेहून उत्तर आलं. हे सॉफ्टवेअर सांभाळणारी जगन्मान्य संस्था म्हणजे एक शाळामास्तर निघाला. शाळा सुटल्यावर तो हे विनावेतन करायचा. 'नऊ वर्षांत हे अक्षर गळतं असं सांगणाऱ्या तुम्ही पहिल्याच. माफ करा. एक ओळ बदलली आहे. बाई कशा आहेत?'

लीलाबाई कागदोपत्री जिवंत झाल्या. "त्या मास्तरांना म्हणावं, हिकडं आलात तर जेवूनच जायचं," त्या म्हणाल्या. प्रेरणानं तेही कळवलं.

दुरुस्ती आता सर्वांसाठी उपलब्ध आहे. ती घ्यायला एक बटण दाबावं लागतं. शेजारी 'नंतर आठवण करून द्या' असं दुसरं बटण आहे. त्यातलं कुठलं तुम्ही आज सकाळीच दाबलंत, हे विचारायला नको.