चावी दोन आटे घट्ट

आजोबांनी फाटकाजवळचं लोखंडी झाकण उचललं, मीटरवरचे आकडे वाचले, चष्मा पुसून पुन्हा वाचले आणि घराकडे अशी नजर टाकली, जणू आत मुलगा, सून आणि नात राहत नसून एखादी टोळी राहते आहे. कालच्या एका दिवसात सहाशे ऐंशी लिटर! मोहीम सुरू होण्याआधी हेच घर सहाशेत भागवत होतं.

"घरात कुणीतरी पाणी चोरतंय," आत येऊन ते म्हणाले.

"आपलंच पाणी आपण कसं चोरणार, बाबा?" सूनबाईंनी विचारलं.

"तेच शोधून काढायचंय."

मोहीम नातीच्या शाळेची होती. नववीतल्या प्रत्येक मुलाने घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाला जोडीला घ्यायचं, दोघांनी मिळून महिनाभर घरचं पाणी वाचवायचं आणि शेवटी सभागृहात सगळ्यांसमोर मीटरचे आकडे वाचून दाखवायचे. पर्यावरण राखणं ही दोन्ही पिढ्यांची जबाबदारी आहे, असं मुख्याध्यापिका म्हणाल्या, तेव्हा बाकीचे आजी-आजोबा माना डोलावून गप्प बसले. आपले आजोबा मात्र उभे राहिले. पाणीपुरवठा खात्यात बत्तीस वर्षं वॉलमन होते ते. रस्त्यातले वॉल फिरवून अख्ख्या भागाला पाणी सोडणं आणि तोडणं हे त्यांचं काम. सगळा भाग त्यांना 'चावीवाले' म्हणून ओळखायचा. वॉल फिरवायची हातभर लांब लोखंडी चावी निरोपाच्या दिवशी खात्याने पॉलिश करून त्यांनाच दिली होती.

"पाव हिस्सा पाणी कमी करून दाखवतो," आजोबा भर सभेत गरजले होते, "नाहीतर माझी चावी शाळेच्या कपाटात जमा करतो!"

टाळ्या कडाडल्या. सगळ्यात जोरात नातीने वाजवल्या. बोलून तर गेले, पण घरी येताच आजोबांनी आधी चावी जागेवर आहे ना, ते पाहिलं. ती चावी ते अजून दर रविवारी तेल लावून पुसत असत.

तरी त्यांना अनुभवाचा भरवसा होता. नोकरीने त्यांना एकच गोष्ट शिकवली होती : माणूस हा मुळात पाणीचोर. त्यांच्या भागाचा खप नेहमी वाढता असायचा. ते वॉल दोन आटे घट्ट करायचे, तर पुढच्या महिन्यात खप आणखी वाढलेला. मग आणखी दोन आटे. लोकांना सांगून काही होत नाही, गुपचूप आवळावं लागतं, असं त्यांचं पक्कं मत होतं. म्हणून मोहिमेच्या पहिल्याच दिवशी दुपारी सगळे घराबाहेर असताना त्यांनी फाटकाजवळचा घरचा वॉल दोन आटे घट्ट केला. आकडा सहाशे ऐंशीवर गेला, तेव्हा आणखी दोन.

आठवडाभरात आकडा साडेसातशेवर गेला.

आता कुठे पाणी मुरतंय, याचा तपास सुरू झाला. आजोबांनी खुर्ची उचलून थेट मोरीसमोरच्या बोळात मांडली आणि वर्तमानपत्र उघडून बसले. हातात एक वही. तीत नोंदी अशा : चिरंजीव, आंघोळ, एकवीस मिनिटं. सूनबाई, भांडी, नळ चालू, बाई गॅलरीत. चिरंजीव, पुन्हा मोरीत, कारण सांगितलं नाही.

"बाबा, तुम्ही पेपर उलटा धरलाय," मुलगा म्हणाला.

"तू एकवीस मिनिटं आत काय करत होतास?"

"आंघोळ! बादली भरतच नाही हो. नळाला धार कुठाय? मुंगीचीसुद्धा आंघोळ व्हायची नाही त्यात."

"नाचता येईना, अंगण वाकडं," आजोबा पुटपुटले आणि तेही टिपून ठेवलं.

मुलावर संशय बसतो न बसतो, तोच त्यांना स्वयंपाकघरात सात पातेली, चार कळश्या आणि मुलाची क्रिकेटमध्ये स्टंप म्हणून लावायची जुनी बादली काठोकाठ भरलेली दिसली.

"हा साठा कशाला?"

"पाणी जातंय की काय असं वाटतं हल्ली," सूनबाई म्हणाल्या. "म्हणून भरून ठेवते."

"आणि सकाळी?"

"सकाळी शिळं ओतून ताजं भरते. शिळं पाणी पिणार का तुम्ही?"

मग आजोबांचा संशय शेजारच्या शिंप्यावर गेला, कारण त्याच्या कुंड्या जरा जास्तच हिरव्या दिसत होत्या. कुंपणावरून वाकून त्यांनी विचारलं, "पाणी कुठून घालता हो?"

"नळातून," शिंपी म्हणाला. "तुम्ही?"

यात काहीतरी दडलेलं आहे, असं आजोबांना वाटलं; पण काय ते कळेना.

नातीवर मात्र त्यांनी कधी संशय घेतला नाही. आई कामावर जायची तेव्हा त्यांनीच तिला खांद्यावर बसवून वॉल दाखवत हिंडवलं होतं. हल्ली ती गप्प असते, आपल्याकडे तिरक्या नजरेने बघते, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. अभ्यासाचा ताण असेल, म्हणून त्यांनी सोडून दिलं.

बाविसाव्या दिवशी आकडा आठशे दहा झाला. आजोबांनी दुपारची सामसूम बघून चावी बाहेर काढली, झाकण उचललं आणि ते वॉलवर वाकले.

"आजोबा, हात वर."

मागे नात उभी होती. हातात फोन, फोटो काढून झालेला.

"मी अं... तेल घालत होतो."

"वॉलच्या डोक्यावर आणि कडेला मी नेलपॉलिशचे ठिपके लावले होते, समोरासमोर. दर एक-दोन दिवसांनी सरकलेले असतात. दहा दिवस बघतेय मी. तुम्ही वॉल उघडून पाणी सोडता कुठेतरी!"

आजोबांना एकदम भडभडून आलं. चोरी पकडली गेल्याचं काही नाही, पण जिला बोट धरून चालायला शिकवलं, तिने आपल्यालाच चोर समजून पाळत ठेवावी! "सोडतो?" त्यांचा आवाज चिरकला. "अगं, आवळतोय मी! तुझ्यासाठी! आज धरून सोळा आटे!"

नातीने फोन खाली घेतला. "म्हणजे धार तुमच्यामुळे बारीक झालीय?"

"पाणी वाचवायला!"

"अहो, धार बारीक म्हणून आई नळ चालू ठेवून दुसरं काम करायला जाते आणि विसरते! परवा मोरीतून बोळापर्यंत पाणी आलं होतं."

"ते मला वाटलं, चिरंजीव..." आजोबा थांबले. मग त्यांच्यातला बत्तीस वर्षांचा वॉलमन जागा झाला. "बरं, ते असू दे. पण संडासात तीन-तीनदा फ्लश करावं लागतं, ते का? वॉल आवळला म्हणून टाकी सावकाश भरेल, पण भरेल तर पूर्ण!"

नात एकदम पायाच्या अंगठ्याने माती उकरायला लागली.

आजोबा तडक आत गेले आणि टाकीचं झाकण उघडलं. आत वाळूने भरलेल्या तीन बाटल्या गुण्यागोविंदाने बसल्या होत्या.

"प्रत्येक वेळी दीड-दोन लिटर वाचतं," नात मागून बारीक आवाजात म्हणाली. "आधी एकच होती. आकडा वाढला म्हणून दुसरी टाकली. मग तिसरी."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही मला सांगितलंत?"

मग नातीला हसू फुटलं आणि आजोबांनाही. हसता हसता आजोबांनी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले.

संध्याकाळी चौघं एकत्र बसली. वॉल उघडला, एकच बाटली ठेवली, पातेली रिकामी करायची ती शिंप्याच्या कुंड्यांत, असं ठरलं. आकडा भराभर उतरला. शेवटच्या दिवशी चारशे चाळीसवर आला. पण महिन्याची सरासरी काढली, तर घराने पूर्वीपेक्षा जास्तच पाणी वापरलं होतं.

"गणित चुकलं असेल," आजोबा म्हणाले.

"तीनदा केलंय," नात म्हणाली. तिने आकड्यांवरून पुन्हा बोट फिरवलं. "आजोबा, तुमच्या भागाचा खप वाढायचा, तेव्हा तुम्ही काय करायचात?"

"दोन आटे घट्ट."

"आणि मग?"

"मग खप आणखी वा..."

आजोबांनी चष्मा काढून पुसला आणि आकडे पहिल्या दिवसापासून पुन्हा वाचायला घेतले.

सभागृह भरलेलं होतं. नातवंडांसोबत आलेली बरीचशी म्हातारी मंडळी आजोबांच्या जुन्या भागातलीच होती. नातीने आकडे वाचले, एकही न लपवता. आजोबा उठले. पॉलिश केलेली चावी त्यांनी मुख्याध्यापिकांच्या टेबलावर ठेवली. हात क्षणभर तिच्यावरच राहिला, मग त्यांनी तो उचलला.

"एक सांगायचं राहिलंय," ते सभेकडे वळून म्हणाले. "बत्तीस वर्षं मी तुम्हा सगळ्यांना पाणीचोर समजत होतो. या पोरीमुळे कळलं, की चूक माझ्या चावीची होती. माफ करा मला."

नात जागेवरून उठून आजोबांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

तिसऱ्या रांगेतून एक आजीबाई काठी टेकत उभ्या राहिल्या.

"मनाला लावून घेऊ नका हो, चावीवाले," त्या म्हणाल्या. "आम्हीपण बत्तीस वर्षं तुम्हालाच चोर समजत होतो."