बस्त्यावकाकांची नोंद

बस्त्यावकाका माणसाला नावाने हाक मारत नाहीत, नंबराने मारतात. एकदा पापडीच्या बाजारात मी भाजी घेत होते. समोरून आमचे नगरसेवक कडक इस्त्रीत, मागेपुढे चार माणसं घेऊन, दिसेल त्याला नमस्कार करत येत होते. काकांनी हातातली मेथीची जुडी खाली ठेवली आणि म्हणाले, "तेवीसशे चौदा, वरचं बटण लाव." नगरसेवकांनी मुकाट्याने लावलं. वर "हो सर" म्हणाले.

तेवीसशे चौदा हा त्यांचा शाळेच्या रजिस्टरातला नंबर. आमच्या चर्चने चालवलेल्या मुलांच्या हायस्कुलात जो मुलगा दाखल होतो त्याला एक नंबर पडतो, आणि दाखल्यावर तोच नंबर घेऊन तो बाहेर पडतो. लोक पुढे डॉक्टर होतात, दुबईला जातात, टक्कल पडतं, नंबर काही बदलत नाही. काका या शाळेत चाळीसेक वर्षं कारकून होते. निवृत्त होऊन जमाना झाला, वय ऐंशीच्या पुढे गेलं, तरी अजून रोज दहाच्या ठोक्याला ऑफिसातल्या स्टुलावर हजर. नवा कारकून कॉम्प्युटर चालू करेपर्यंत काकांनी जुन्या माणसाचं पान काढून बोट ठेवलेलं असतं.

मी मूळची साताऱ्याकडची. लग्नानंतर वसईत फ्लॅटमध्ये आले आणि याच शाळेत मराठी शिकवायला लागले. मला नंबर नाही, कारण मी कधी मुलगा नव्हते. पण माझा अजिंक्य इथेच शिकला, त्यामुळे शाळेबाहेर काका माझी ओळख "सहा हजार नव्वदची आई" अशी करून देतात. आमचे हे एकदा चिडून म्हणाले, मग मी कोण? काका शांतपणे म्हणाले की रजिस्टरात पालक म्हणून सही आईची आहे. आणि त्या दिवशी हे खरोखरच आले नव्हते.

"नोंद काय म्हणते?" हे काकांचं ठरलेलं वाक्य. तुम्ही म्हणा, गेल्या गॅदरिंगला माईक दोनदा बंद पडला. काका म्हणणार, नोंद काय म्हणते? एका मयताला गेलो होतो, तिथे मुलगा रडत सांगत होता की बाबांनी सत्तरी पूर्ण केली. काका माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "अडुसष्ट. नोंदीप्रमाणे." मला हसू आवरेना आणि मी पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं, टीचरला फार दुःख झालं.

सगळ्यात मोठी गंमत एक जूनची. पूर्वी शेतकरी, मिठाच्या आगरावरचे, मासेमारीवाले मुलाला शाळेत घालायला आणायचे, तेव्हा जन्मतारीख कुणाला माहीत असायची? आंब्याच्या दिवसांत झाला, एवढंच सांगायचे. मग शाळा सरसकट एक जून लावून टाकायची. ख्रिस्ती मुलांच्या बाप्तिस्म्याची नोंद चर्चमध्ये असे, म्हणून त्यांची सुटका व्हायची. त्यामुळे एक जूनला काका सकाळपासून छत्री घेऊन शुभेच्छा देत हिंडतात, पार भुईगावपर्यंत. मी एकदा विचारलं, एवढी माणसं एकाच दिवशी जन्मली कशी? म्हणाले, "शाळेत जन्मली, टीचर. घरी वेगवेगळी जन्मली असतील."

शाळेचा इतिहास हवा असेल तर तो ह्या माणसाने सांगावा. आधी वाडीतली झावळ्यांची शेड, मग कौलारू चार खोल्या, मग दुमजली इमारत, आता लिफ्टवाली. पण काका विटांचं बोलतच नाहीत. ते वडिलांच्या धंद्याचा रकाना सांगतात. पहिल्या हजारात शेती, शेती, शेती, मध्येच एखादा मासेमारी. मग हळूहळू "नोकरी, मुंबई" शिरायला लागते. मग आडनावं बदलतात, कोकणातली येतात, आमच्यासारखी देशावरची येतात. शेवटी विरारच्या फुलपाड्याहून बस भरून मुलं येतात आणि धंद्याच्या रकान्यात काय लिहिलंय ते इंग्रजी असूनही कळत नाही. वसई कशी बदलली ते असं स्टुलावर बसून ऐकावं.

त्यांचा स्वतःचा नंबर मात्र कुणाला माहीत नव्हता. विचारलं की म्हणायचे, कारकुनाला नंबर नसतो, कारकुनाला टेबल असतं. लग्न केलं नाही. शाळेसमोर एका खोलीत एकटेच राहतात. आडनाव काय, हेही मी कधी विचारलं नव्हतं. बस्त्यावकाका म्हटलं की पुरायचं.

तेरा जून हा शाळेचा वाढदिवस. शाळा नुकतीच उघडलेली असते, निम्म्या मुलांकडे वह्या नसतात, तरी सगळी मैदानात उभी राहतात आणि एका सुरात ओरडतात, "शाळेला वाढदिवसाच्या शुभेच्छा!" आणि दरवर्षी, अगदी दरवर्षी, व्हरांड्यात नवा शर्ट घालून उभे असलेले काका म्हणतात, "थँक यू." मग शाळेतर्फे म्हणून स्वतःच्या पिशवीतली सुकेळी वाटतात. वाळवलेल्या राजेळी केळ्यांची, पानात गुंडाळलेली, मधासारखी गोड. ती खात खात आम्ही स्टाफरूममध्ये हसायचो. शाळा काय ह्यांच्या वडिलांची आहे, थँक यू म्हणायला? हे वाक्य माझं. खोटं कशाला बोलू?

यंदा शाळेचा अमृतमहोत्सव. एप्रिलमध्ये कमिटी बसली. परदेशातले माजी विद्यार्थी नाताळाला गावी येतात, जूनमध्ये कोण येणार? तेव्हा वाढदिवस यापुढे डिसेंबरातच करावा, असं ठरत आलं. ठराव मी लिहिला होता, आणि चांगला लिहिला होता.

काका उठून उभे राहिले. म्हणाले, तारीख हलवता येत नाही. मी समजावलं की तारीख महत्त्वाची नाही, लोक यायला हवेत. तर त्यांचा चेहरा लाल झाला. एरवी हा माणूस सरकारी परिपत्रकासारखं शुद्ध बोलतो. पण त्या दिवशी म्हणाले, "पन तारीख कोनाच्या सोयीची नसते, टीचर." ही आगरावरची बोली त्यांच्या तोंडी मी पहिल्यांदा ऐकली. आणि मला काय अवदसा आठवली कोण जाणे. मी त्यांच्याच आवाजात विचारलं, "नोंद काय म्हणते, काका?"

सगळे हसले. काकांनी छत्री घेतली आणि ते निघून गेले. ठराव मंजूर झाला. दुसऱ्या दिवशी दहा वाजले, स्टूल रिकामं. तिसऱ्या दिवशीही. नवा कारकून म्हणाला, ऑफिस बंद असल्यासारखं वाटतं.

आठवड्याने मला स्मरणिकेसाठी पहिल्या रजिस्टराच्या पहिल्या पानाचा फोटो हवा होता. हे रजिस्टर काका कपड्यात बांधून ठेवत आणि कुणाला दाखवायचं झालं तर स्वतः हातात धरून दुसऱ्या पानापासून दाखवत. पहिलं पान फाटेल, म्हणत. कारकुनाने कपाट उघडून दिलं. पान कुठेही फाटलेलं नव्हतं.

नंबर एक. नाव, बस्त्याव. वडिलांचे नाव, रेघ. आडनाव, रेघ. राहणार, आगरावरून आला, आता शाळेत. जन्मतारीख, तेरा जून, साल अंदाजे सहा वर्षं मागचं. आणि शेवटी शेऱ्याच्या रकान्यात, शाळा काढणाऱ्या मोठ्या फादरांच्या तिरप्या अक्षरात: "जन्मतारीख कोणालाच ठाऊक नाही. शाळेची लावली आहे. दोघे बरोबर वाढोत."

मी तिथेच स्टुलावर बसले. सोळा वर्षं मी त्या थँक यूला हसत होते. या माणसाला शुभेच्छा द्यायला घरी कुणी नव्हतं, म्हणून हजार मुलं शाळेला देत होती त्यातल्या तो गुपचूप घेत होता, आणि मी ठराव लिहून त्याही काढून घेतल्या होत्या. मला माझीच लाज वाटली.

रजिस्टर घेऊन मी प्रिन्सिपल फादरांकडे गेले. त्यांनी पान वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं. म्हणाले, जेवणावळ आणि भाषणं डिसेंबरात करा, वाढदिवस जूनमध्येच. कारण कुणाला सांगायचं नाही, असं आमचं दोघांचं ठरलं. नोटीस लागली तशी अकराव्या मिनिटाला छत्री गेटात दिसली. काकांनी नोटीस दोनदा वाचली आणि माझ्याकडे आले.

"तारीख परत कशी आली, टीचर?"

"नोंद तशी म्हणते, काका."

काकांनी मान हलवली आणि ते स्टुलावर जाऊन बसले. मला माफी मागायची होती, पण त्यांनी लगेच कुणाचं तरी पान काढायला घेतलं.

तेरा जूनला मुलं ओरडली. काका म्हणाले, "थँक यू." स्टाफमधले दोघंतिघं नेहमीसारखे हसले, मी नाही हसले. सुकेळी वाटत काका माझ्यापाशी आले तेव्हा मी हळूच विचारलं, "किती पूर्ण झाली?"

"कोनाची? शाळेची?"

"दोघांची."

काकांनी पिशवीत हात घातला. मग माझ्या हातावर एकाऐवजी दोन सुकेळी ठेवली.

"शाळेची पंच्याहत्तर," ते म्हणाले. "दुसऱ्याचं साल अंदाजाचं आहे, टीचर. पन तारीख पक्की."