गंगूकाकूचे शिवलेले शेवट

गंगूकाकू पुस्तक वाचायला द्यायची, पण शेवट शिवून. म्हणजे खरोखरीच सुईदोऱ्यानं. कादंबरी असो की खुनाची गोष्ट, शेवटची पानं एकत्र धरायची, दाभणानं भोकं पाडायची आणि कडेनं टाके घालून मगच पुस्तक हातात ठेवायची. टाक्यांपर्यंत वाचून झालं की आपण तिच्या ओसरीवर जायचं आणि पुढं काय होईल ते तिला सांगायचं. पटलं तर ती कात्री घेऊन दोरा कापायची. नाही पटलं तर म्हणायची, "मुलतवी." हा शब्द तिच्या नवऱ्याचा. तो कचेरीत कारकून होता. नवरा लवकर गेला, शब्द तेवढा मागे राहिला.

गुडीहत्नूरला, तेलुगू मुलखात, हायवेच्या अलीकडे आमची गल्ली, आणि काकूचं घर आमच्यापासून तिसरं. ओसरीत शिलाई मशीन, मशीनच्या मागे फळीवर पुस्तकं. गिऱ्हाइकं बहुतेक तेलुगू, पुस्तकं सगळी मराठी. ब्लाऊजचं अस्तर आणायला म्हणून ती बसनं पैनगंगेपलीकडं पांढरकवड्याला जायची आणि तिथल्या रद्दीवाल्याकडं पिशवी भरून यायची. अस्तर नेहमी कमी पडायचं.

मी लग्न होऊन या गल्लीत आले ती मॅट्रिक पास होऊन. पैनगंगेच्या अल्याड माझ्याइतकं वाचलेली बाई नाही, अशी माझी खात्रीच होती. भाकरी थापतानासुद्धा पुस्तक परातीला टेकवलेलं. आमचे मास्तर, म्हणजे माझे यजमान, पण सगळं गाव मास्तर म्हणतं म्हणून मीही म्हणते, ते ताटावर बसले की भाकरी उलटून बघायचे आणि विचारायचे, "आज कोणतं प्रकरण करपलं?"

तर काकूनं मला पहिलं पुस्तक दिलं ते सावत्र आईचं घर सोडून निघालेल्या एका मुलीचं. मी एका दिवसात टाक्यांपर्यंत पोचले आणि पदर खोचून काकूपुढं उभी राहिले.

"तिचं लग्न होते, काकू."

"कोणाशी?"

"त्या डाक्टरशी."

"तो तं तिच्याशी धड बोलत बी नाही."

"शेवटी बोलते. कादंबरी आहे ना ती."

"मुलतवी."

मॅट्रिक पास बाईला मुलतवी. मी रात्रभर धुसफुसले. दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं, डॉक्टर मरतो. काकूनं मशीनवरचा पाय काढला. "काल त्याचं लगन लावून राह्यली होती, आज मारून टाकला? काय केलं व सुमे त्यानं तुह्यं?"

भाजी विकणाऱ्या शांताबाईचा मात्र दोरा लगेच कापला जायचा, याचा मला फार राग. शांताबाईच्या मते प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी कोणीतरी वांगी लावतं. सावत्र आईची मुलगी वांगी लावते, फसवून पळालेला भाऊ परत येऊन वांगी लावतो. खुनी पकडला जातो, सुटून आल्यावर तोही वांगीच लावतो. मी काकूला विचारलं, हे कसं काय पटतं तुम्हाला? काकू म्हणाली, "तिच्या शेवटात कोणाचं वाईट तं होत नाही ना, बाप्पा."

हळूहळू मी शहाणी झाले. काकूला काय पटतं ते ओळखून तसंच सांगायचं, दोरा कापून घ्यायचा आणि निघायचं. "कापा लवकर, काकू, भाकरी तव्यावर आहे." ती पुस्तक माझ्या हातात देताना जरा घट्ट धरून ठेवायची. मला वाटायचं, म्हातारीचा जीव अडकतो पुस्तकात. मी ते ओढून घ्यायची आणि आमच्या दारातच उभी राहून शेवट वाचून टाकायची. चार दिवसांनी पुस्तक परत.

"मंग? काय झालं शेवटी?" काकू विचारायची.

"घ्या, मलाच विचारता. तुमाले काय माहीत नाही का?" म्हणून मी हसायची. काकूही हसायची आणि फळीवरून दुसरं पुस्तक काढायची. काकू परीक्षा घेते, असं आम्ही सगळ्याच समजत होतो.

मग वाचणारे कमी होत गेले. शांताबाई वारली. गल्लीतली मुलं तेलुगू शाळेत, मग इंग्रजी शाळेत गेली. माझी नातवंडं मराठीत भांडतात झकास, पण मराठी पाटी वाचताना अडखळतात. शेवटी काकूच्या ओसरीवर मी एकटी उरले. मशीनवर चादर पडली होती आणि काकूनं ऐंशी ओलांडली होती.

गेल्या थंडीत एका दुपारी मी तिला शेवट सांगितला, तिला पटला, तिनं दोरा कापला. मी नेहमीसारखी उठायला गेले, तर गुडघ्यानं नकार दिला. माझ्या आयुष्यातल्या बऱ्याच चांगल्या गोष्टी अशा गुडघ्यानं केल्या आहेत. बसल्या बसल्या चष्मा लावला आणि तिथंच मोठ्यानं वाचायला लागले.

काकूनं माझं मनगट धरलं. "थांब. हळू वाच."

"तुमचं तं वाचलेलंच आहे ना."

"मी कुठं वाचलं?"

मला वाटलं गंमत करते. पण तिचे डोळे पानावर होते.

"आदीचं सारं वाचतो मी. शेवट आला का शिवून टाकतो. म्हटलं, दोरा कापाले कोणी आलं का इथंच बसून दोघी मिळून वाचू. तं तुमाले घाई."

"मग पुस्तक परत आल्यावर वाचायचा होता, काकू. दोरा तर कापलेलाच असायचा."

"आदीचं एकटीनं वाचता येते व. शेवट वाचला का कोणाशी तरी बोला लागते. भिंतीशी बोलू का?"

मी फळीकडं बघितलं. इतकी पुस्तकं, आणि सगळ्यांचे शेवट मी माझ्या दारात उभं राहून, एकटीनं, भाकरीच्या नावावर खाल्लेले. तिनं मला कधी बस म्हटलं नाही, हे खरं. पण प्रत्येक वेळी ती पुस्तक सोडत नव्हती, हेही खरं. मोठी मॅट्रिक पास.

त्या दिवशीचा शेवट आम्ही संध्याकाळपर्यंत वाचला. कोणीच वांगी लावली नाहीत. काकू खूप वेळ त्या लेखकाशी भांडत होती आणि मी त्याची बाजू घेत होते. चहा दोनदा झाला.

पुढं रोज दुपारी जायची. पण काकू न्हाणीत घसरली आणि तिचा मुलगा येऊन तिला हैदराबादला घेऊन गेला. आमचं एक पुस्तक अर्ध्यावर होतं. ते तिनं माझ्या हाती दिलं. मुलगा म्हणाला, आता आई तिकडंच राहील.

आता मी फोन लावते आणि ते पुस्तक वाचून दाखवते. काकूला कमी ऐकू येतं. सून तेलुगू आहे, भली आहे. फोन सासूच्या कानाशी धरून ठेवते. पहिल्या दिवशी मी संकोचून वाचत होते, तर काकू म्हणाली, "जोरानं वाच व. पोरगा कामावर असते, इथं दुसऱ्या कोणालेच मराठी समजत नाही, लाजाचं काय?"

मी जोरानं वाचते. रस्त्यानं जाणारे थांबून बघतात, मास्तर उठून खिडकी लावून घेतात. सून फोन धरून असते, पण काकूचा आवाज हल्ली येत नाही. टीव्हीवरची तेलुगू मालिका तेवढी ऐकू येते.

काल पान संपल्यावर विचारलं, "आयकून राह्यल्या का, काकू?"

मालिकेत कोणीतरी रडत होतं. मी तेच पान पुन्हा वरून वाचायला घेतलं, आणखी जोरानं.