केरूतात्या आणि पोरांचे दंड

आमच्या दवाखान्यात लहान मूल रक्त तपासायला आलं की केरूतात्या आधी त्याची बाही वर करायला लावायचे. "दंड दाखव, पैलवान." पाच वर्षांचा पैलवान मूठ वळून, गाल फुगवून दंड काढायचा. तात्या तो दोन बोटांत धरून गंभीर चेहऱ्याने रजिस्टरात लिहायचे, 'शेवग्याची शेंग'. गुटगुटीत असेल तर 'केळं'. मगच सुई, आणि सुईच्या आधी, "माफी असावी, सरदार."

पन्नास सालानंतरची गोष्ट. पिंपरीच्या माळावर कारखान्यांचे पाये खणले जात होते. देहूरोडच्या वाटेवर आमचा धर्मादाय दवाखाना होता, आणि त्याची प्रयोगशाळा म्हणजे एक टेबल, एक स्पिरिटचा दिवा आणि केरूतात्या. मी त्यांच्या हाताखाली. नुकताच परीक्षा पास झालो होतो, त्यामुळे मला सगळं येत होतं.

मूत्रपिंडं नीट चालतात का, ते आम्ही रक्तातल्या क्रिएटिनिनवरून बघायचो. पिवळं औषध घातलं की रंग नारिंगीकडे झुकतो. जितका गडद, तितकी काळजी. तात्या म्हणायचे, हे क्रिएटिनिन येतं अंगातल्या मांसातून, मांस कमी तर रंगही फिकाच हवा. "हमालाला शोभतो तो रंग शेवग्याच्या शेंगेला शोभत न्हाई, राव." मी मान डोलवायचो आणि जेवणाच्या सुट्टीत कंपाउंडरपुढे त्यांची नक्कल करायचो. चांगली करायचो, हे सांगतानाही आता लाज वाटते.

एकदा तात्या रजेवर असताना चिखलीची पारूबाई आपल्या सखूला घेऊन आली. पोरीचं तोंड सकाळी सुजतं म्हणाली. मी दंड पाहिला नाही. मोठ्या माणसांसाठी ठेवलेल्या नमुन्याच्या नळीशी रंग जुळवला, तो जुळला, आकडा टिपला आणि पुढे 'ठीक' लिहिलं. त्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी मायलेकींना घरी धाडलं.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी रजिस्टर उघडलं. "हिचा दंड कुठाय?" मी हसलो. त्यांनी सखूचं वय वाचलं, आकडा वाचला आणि सरळ सायकल काढली. मला मागे बसवलं.

सखू ओट्यावर पडली होती. डोळे सुजेनं मिटलेले, दंड काडीसारखे. "पोर बरी हाय असं कुनी लिवलं?" पारूबाईनं विचारलं. मी बोलणार होतो, निदान आजवर स्वतःला तसं सांगत आलोय. तात्या आधी बोलले, "माझ्याकडनं चूक झाली, बाई. हिला आत्ताच्या आत्ता पुण्याला न्यायचं." बाईनं त्यांना वाट्टेल ते सुनावलं. त्यांनी मान खाली घालून ऐकलं. मी सायकल धरून उभा होतो.

सखू वाचली. पुढे दर महिन्याला तपासणीला यायची, पण पारूबाईची अट होती. "त्या म्हाताऱ्याच्या हाती पोर न्हाई द्यायची. ह्या दादानंच बघायचं." माझ्यासाठी ती मेथीची जुडी आणायची. मी घ्यायचो.

तात्या एकटा जीव. दवाखान्यात येणारी पोरं हाच त्यांचा गोतावळा. तरी सखू आली की ते मुकाट्यानं मागच्या खोलीत जाऊन बसायचे. मी एकदा म्हणालो, "तात्या, खरं काय ते सांगून टाकतो."

"नको. तुझ्यावरचा भरवसा उडाला तर ती यायचीच न्हाई. पोरीची तपासणी राहील."

मला ते फार लवकर पटलं.

एके दिवशी सुई काढल्यावर सखूनं विचारलं, "मला पुण्याला मांडीवर घिऊन गेलेलं म्हातारं बाबा कुठं हायेत?"

"रजेवर आहेत," मी म्हणालो. मागच्या खोलीला दार नव्हतं, नुसता पडदा होता.