बापटांनी न पाडलेलं भोक

श्रीकांत बापट दगड चाटायचे. लपूनछपून नव्हे, चारचौघांत.

आम्ही सिंगापुरात क्लेमेंटीच्या इमारतीत राहायला आलो त्याच आठवड्यात माझी सात वर्षांची सई धावत वर आली. "बाबा, एक अंकल आपल्या खालचा बेंच लिक करतोय ला." इथल्या शाळेतला 'ला' तिच्या प्रत्येक वाक्याला चिकटायचा. मी घाईने खाली गेलो. कडक इस्त्रीचा शर्ट घातलेले पन्नाशीतले एक गृहस्थ दगडी बाकावर ओणवे होऊन भिंगातून बघत होते. मी सईला मराठीत दटावत मागे ओढलं, तसं त्यांनी मान वर केली.

"नववा मजला का? मी आठवा. बापट." मग बाकाकडे बोट करून म्हणाले, "दगड ओला झाला की कण स्वच्छ दिसतात. पाणी शोधत कोण बसणार? जीभ नेहमी बरोबर असते."

बापट भूवैज्ञानिक होते. सिंगापुरात ना मोठा डोंगर ना खाण, मग हा माणूस इथे काय करतो, हा मला पडलेला पहिला प्रश्न. त्यांच्या लहानशा कंपनीचं ऑफिस इथे होतं आणि डोंगर सुमात्रात. त्या डोंगरात सोनं, शिसं, जस्त असं काही आहे का, हे खोल भोकं पाडून बघायचं, हे त्यांचं काम. तीन आठवडे जंगलात, एक आठवडा इथे. जमिनीत दोनदोनशे मीटर ड्रिल घालून दगडाच्या लांब कांड्या बाहेर काढायच्या, पेट्यांत ओळीने मांडायच्या आणि एकेक वाचत बसायचं.

"सोनं दिसतं का हो त्यात?" मी उत्साहाने विचारलं.

"दिसलं तर बहुधा ते सोनं नसतं," ते म्हणाले.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: भोक पाडल्याशिवाय बोलू नये. ते आयुष्यातल्या कुठल्याही प्रश्नाला चालायचं. चांगी बिझनेस पार्कातल्या माझ्या बँकेत नवा साहेब येणार होता. कसा असेल, म्हणून मी काळजी करत होतो. बापट म्हणाले, "वरची माती बघून काय कळतंय? भोक पाडल्याशिवाय बोलू नये." माझ्या बायकोने, मेधाने, त्यांना पहिल्यांदा पुरणपोळी वाढली आणि कशी झालीय म्हणून विचारलं. त्यांनी काट्याने चार ठिकाणी टोचलं, टोकं निरखली आणि सांगितलं, "वहिनी, पुरण पूर्वेला चांगलं आहे. पश्चिमेला नाही." मेधा आठवडाभर पोळी लाटताना दिशा बघत होती.

आमच्या सत्यनारायणाला त्यांनी खिशातून जस्ताचा एक दगड काढला, चाकूने खरवडला आणि शेजारच्या बाईंना हुंगायला दिला. नासक्या अंड्याचा वास. बाई प्रसाद न घेताच गेल्या. बापटांना मात्र मनापासून वाटलं, की त्यांना काहीतरी महत्त्वाचं काम आठवलं असावं.

चौथ्या वर्षी बापटांची नोकरी गेली. त्यांनी ते जिन्यात, हवापाण्याचं बोलावं तसं सांगितलं. त्यांना पीआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, मिळालेली होती, त्यामुळे देश सोडावा लागला नाही. मेट्रोच्या सर्कल लाइनचे बोगदे खणणाऱ्या एका ठेकेदाराकडे ते लागले. तिथेही भोकंच पाडायची, पण मातीत. "चाटण्यासारखं काही नाही," एवढीच त्यांची तक्रार.

मग एका रविवारी सकाळी त्यांनी आमची बेल वाजवली.

"वहिनी, सत्तरीच्या बाईला स्वेटर कुठल्या मापाचा लागतो?"

बाहेर अंगाची काहिली होत होती. मेधाने त्यांना आधी बसवलं, पाणी दिलं. "कोणासाठी?"

"आहेत एक. सुमात्रात. उद्या त्यांना भेटायला निघालोय." त्यांनी छातीपाशी हात धरून उंची दाखवली. "एवढ्याशा."

बापट जिथे भोकं पाडत होते त्या डोंगरावर, थंडीत, ढगात, एका म्हाताऱ्या जोडप्याची कॉफीची बाग होती. बापटांची सगळी भोकं एका रेषेत सरकत गेली आणि ती रेषा थेट त्या बागेखाली शिरत होती. पुढचं भोक त्यांच्या घराच्या पायरीशी पाडायचं होतं. बापट विचारायला गेले. आजी नाही म्हणाल्या, आणि वर जेवायला वाढलं. मग काम बाजूच्या उतारावर चालू राहिलं, आणि आजी रोज वाढत राहिल्या.

"साहेब म्हणाले, पुन्हा विचार, नसेल जमत तर दुसरा माणूस पाठवतो. मी अहवालात खरं तेच लिहिलं. इथे चांगलं सापडायची शक्यता आहे, मालकांचा नकार आहे, आणि मी पुन्हा विचारणार नाही."

"मग दुसरा माणूस पाठवला?" मी विचारलं.

"पाठवला. त्यालाही नाही म्हणाल्या. त्यालाही जेवायला वाढलं. शेवटी कंपनीच दुसऱ्या डोंगरावर गेली."

"पण बापट, एका नकारापायी नोकरी घालवलीत?"

त्यांनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "तीस वर्षं मी परक्या गावांत तंबू ठोकतोय. सगळीकडे लोक एकच विचारतात, तुम्ही जाणार केव्हा? रास्त आहे, आम्ही त्यांच्या जमिनीला भोकं पाडतो. ह्या बाईंनी विचारलं, परत केव्हा येणार? मला उत्तर देता येईना. कोणी विचारायची सवयच नव्हती."

चार वर्षांत बॅग घेऊन लिफ्टमध्ये भेटले की मीही विचारायचो, "काय, निघालात का?"

मेधाने पर्स उचलली. ती आणि बापट बसने जाऊन तासाभरात राखाडी रंगाचा स्वेटर घेऊन आले. तिने तो घडी करून पिशवीत घातला आणि त्यांच्या हाती देत सहज विचारलं, "परत केव्हा येणार?"

"गुरुवारी," बापट म्हणाले. लिफ्टपर्यंत गेले आणि पुन्हा दाराशी आले. "विमान सहाला उतरतं. म्हणजे इथे साडेसात, पावणेआठ. उशीर झाला तर फोन करतो."