बेशुद्ध पडायची नोकरी

आमच्या शेजारचे नामदेवभाऊ ठरवून बेशुद्ध पडतात. ढोंग म्हटले की त्यांना राग येतो. ढोंग करणाऱ्याची मान सावध असते, आपली खरोखर सुटते, असे त्यांचे म्हणणे. भावजयीने सरपण आणायला सांगितले की ते अंगणातच आडवे होतात. मग त्यांचा हात उचला, पाय उचला, सोडला की धपकन खाली पडतो. भावजय त्यांच्या भोवतीने झाडून घेते आणि हात मध्ये आला तर झाडूनेच बाजूला सारते.

एकदा दिग्रसच्या बसमध्ये जागेवरून भांडण झाले, तर भाऊ तिथेच सैल पडले. कंडक्टरने गाडी दवाखान्याकडे घ्यायला लावली. दवाखान्याच्या दारात भाऊ उठून बसले आणि म्हणाले, "आता बरं वाटून राह्यलं. मले इथंच उतरा लागत होतं."

हे कसब त्यांना नोकरीने दिले. तरुणपणी ते मुंबईकडे गेले आणि जहाजांच्या सामानाची तपासणी करणाऱ्या एका ठिकाणी झाडझूड करायला लागले. जहाजावर माणसांसाठी तरंगती जाकिटे ठेवतात. ती मंजूर झाल्याशिवाय जहाजावर चालत नाहीत. मंजुरीआधी जाकीट जाळावर धरतात, भिजत घालतात, ओढून पाहतात. शेवटी माणसाला ते घालून हौदात पालथे सोडतात. माणसाने हातपाय टाकून द्यायचे, बेशुद्धासारखे. जाकिटाने त्याला आपोआप उताणे करून तोंड पाण्याबाहेर आणले पाहिजे. नाही आणले तर मंजुरी नाही. लवकरच भाऊंच्या हातातला झाडू सुटला आणि ते याच कामाला लागले.

"जाड्या माणसाले टाकत, बारक्याले टाकत," भाऊ सांगतात. "पण जीव घाबरला का मान वर येतेच. माही नाही येत. साहेब म्हणे, नामदेव, तू तो एकदम मुर्दा है!" हे सांगताना त्यांचा चेहरा असा फुलतो, जसे काही साहेबांनी हारच घातला.

पुढे कानात पाणी जाऊन जाऊन त्यांचा एक कान गेला. नोकरी सुटली. लग्न झालेले नव्हते. गावी येऊन भावाच्या मागच्या खोलीत राहू लागले, आणि तिथून त्यांनी अख्ख्या गावाची तपासणी सुरू केली. कोणाच्या मुलीला स्थळ आले, मुलगा कसा वाटला म्हणून विचारले, की भाऊ म्हणत, "दिसाले बरा हाय. पण उलटवते काय?" म्हणजे आपण तोंडावर पडलो तर हा माणूस आपल्याला उताणे करील काय. नवा सरपंच निवडून आला तरी तेच. "शिक्का नोका पाहू. उलटवते काय, थे पाहा." लोक हसत. पोरे त्यांना बेशुद्धभाऊच म्हणत.

आमचे गाव धरणाच्या पाण्याकाठी आहे. शेते पलीकडे. पायी वळसा घातला तर दिवस वाटेतच जातो, म्हणून आम्ही बाया कापूस वेचायला दौलत नावाड्याच्या डोंग्यातून जातो. मागच्या हंगामात डोंगा कलंडला. माझी जाऊ वच्छला गेली. पाणी फार नव्हते. डोंग्याची कड तिच्या डोक्याला लागली आणि ती पालथी पडली. काठावर आणेपर्यंत सगळे संपले होते.

मग डोंगा बंद झाला. बंद राहिला तर पलीकडचा कापूस कोण वेचणार? दौलतने कुठून तरी भगव्या रंगाची जाकिटे आणली. त्यांच्यावर इंग्रजीत मोठा शिक्का होता. डोंगा पुन्हा सुरू झाला. कोणी जाकीट घाले, कोणी लुगडे ओले होऊ नये म्हणून त्यावर बसे.

एका सकाळी भाऊ काठावर आले. एक जाकीट हातात घेऊन दाबले, उलटे केले, नाकाला लावले.

"हे कुठं पास झालं, दौलत?"

"शिक्का दिसत नाही काय?"

"शिक्का दिसते. उलटवते काय?"

"भाऊ, बाया खोळंबल्या. लय हौस असन तं घाला अन् पडा पाण्यात!"

भाऊंनी चपला काढून बाजूला ठेवल्या. जाकीट घातले, पट्टे बांधले, छातीभर पाण्यात गेले आणि पालथे झाले.

काठावर एकच हशा पिकला. "पडले रे बेशुद्धभाऊ!" "भावजयीले बलावा, म्हणा झाडू घेऊन ये!" जाकीट त्यांच्या पाठीवर फुगून वर आले. तोंड मात्र पाण्यातच.

"पाहा बरं," दौलत म्हणाला, "माणूस तरंगून राह्यला ना? अजून काय पायजे?"

भाऊ उलटले नाहीत. पुरुष हसत होते. बाया पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. आमच्याकडे परक्या पुरुषाला बाई हात लावत नाही. भाऊंच्या डोक्याजवळ बुडबुडे येत होते, ते थांबले.

मी कोणाशी मान वर करून बोलत नाही. पण वच्छलाची पाठ मी अशीच पाहिली होती. मी लुगड्यासकट पाण्यात गेले आणि त्यांना उलटवले. ओठ निळे पडले होते. खोकत खोकत त्यांनी पाणी काढले आणि दौलतकडे बघून म्हणाले, "नापास."

"नाटक्या!" दौलत ओरडला. "चला वं बायानो, बसा."

आणि आम्ही बसलो. तीच जाकिटे, तोच डोंगा. कापूस बोंडातून गळायला आला होता.

संध्याकाळी परत आलो तर भाऊ काठावरच होते. बाकीच्या पुढे गेल्यावर मी विचारले, "दम कोंडला होता तं स्वतःच काहून नाही उठले भाऊ?"

"मी उठलो असतो तं दौलत म्हणला असता, जाकिटानं उठवलं. पास झालं असतं थे."

"पण जीव गेला असता ना. पोहता येते म्हणून काय झालं?"

"मले पोहता कुठी येते माय?"

 इतकी वर्षे पाण्यात काढलेला माणूस.

"तिथं हौदात एक जण बाजूलेच उभा राहे," भाऊ म्हणाले. "जाकीट फसलं का तो उलटवे. पाठ थोपटे, ठीक है ना विचारे. मले वाटलं, इथंबी कोणी येईनच."

तेव्हापासून संध्याकाळी डोंगा काठाला लागला की भाऊ उथळ पाण्यात पालथे होतात आणि एकेका बाईला आपल्याला उलटवायला लावतात. एक हात हनुवटीला, एक पाठीखाली. पहिल्या दिवशी कोणी पुढे होईना. "परक्या माणसाले हात कसा लावाव?" एकीने विचारलेच. भाऊंनी पाण्यातून तोंड काढले. "माणूस शुद्धीवर असन तं परका. बेशुद्धाले कायची लाज? लावा हात." दौलत डोंगा बांधता बांधता टोमणे मारतो. पण आता बाया हसत नाहीत. म्हातारी सरूबाईसुद्धा एका झटक्यात उलटवते.

काल मी शेवटी होते. भाऊंना उलटवले, डोके हातावर घेतले. श्वास चालू होता. पाणीही गिळलेले नव्हते.

"झालं भाऊ, उठा," मी म्हटले.

त्यांनी डोळे उघडले नाहीत. मान माझ्या हातावर तशीच सुटलेली होती. घरी जाऊन चूल पेटवायची होती, बाया टेकाड चढून दिसेनाशा झाल्या होत्या.

मी हात काढला नाही. आणखी थोडा वेळ तशीच उभी राहिले.