पद्मक्कांची लाल टिक

मी एकदा एका म्हाताऱ्या बाईला खोटं औषध दिलं. आता नातवंडं झाल्यावर सांगायला हरकत नाही. तेव्हा मी तिशीची होते, साताऱ्याहून बेंगळूरला आलेली, आणि राजाजीनगरातल्या आमच्या गल्लीत माझ्याइतकं शहाणं कुणी नाही अशी माझी खात्री होती.

म्हातारी म्हणजे शेजारच्या पद्मक्का. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं; मराठी बोलताना मधेच 'जरा'ऐवजी 'स्वल्प' आणि 'बरं'ऐवजी 'सरी' असं कानडी यायचं. नाद एकच, घरगुती औषधं जमवायचा. रिक्षावाला, फुलवाली, लग्नात पंगतीला शेजारी बसलेली अनोळखी बाई, कुणालाही विचारायच्या, "तुमच्या घरी खोकल्याला काय देतात?" लगेच वहीत नोंद, देणाऱ्याच्या नावासकट. पण नियम कडक. "आधी माझ्यावर, मग टिक." गुण आला की लाल शाईची टिक, नाही तर काट. आता परीक्षेला आजार नको का? एका काढ्यासाठी त्या ओले केस घेऊन तासभर पंख्याखाली बसल्या. मी ओरडले, तर म्हणाल्या, "स्वल्प थांब गं, घसा आत्ता कुठे खवखवायला लागलाय."

झोपेसाठी मात्र आजार आणावा लागत नव्हता. यजमान गेल्यापासून त्यांचा डोळ्याला डोळा लागत नव्हता, आणि झोपेच्या नऊ औषधांवर काट बसली होती.

"सुमन, तुमच्या साताऱ्याचं एक तरी दे की!"

माझी आजी साधं डोकं दुखलं तरी डॉक्टर गाठायची. पण माघार घेईन तर मी कसली! ठोकून दिलं, "आजी सांगायची, धन्याचा काढा, बिनगुळाचा. पण दुसऱ्याच्या घरी उकळलेला. दुपारी चारला, त्याच घरच्या पायरीवर बसून प्यायचा. चाळीस दिवस." असलं कोण करतंय!

दुसऱ्या दिवशी चारच्या ठोक्याला पद्मक्का माझ्या पायरीवर, स्वतःचा पितळी पेला घेऊन. नाक दाबून काढा प्यायच्या आणि मग तासभर बोलायच्या. यजमान शिट्टी कशी वाजवायचे, ते मला तोंडपाठ झालं.

चाळीस दिवस सरले. एक्केचाळिसाव्या दिवशी पेला हजर. "परवा धने जळके होते. तो दिवस धरत नाही." पुढे एक दिवस मांजर आडवं गेलं म्हणून बाद.

साठ झाले तेव्हा मला घाम फुटला. माझ्या थापेपायी बाई दोन महिने तळमळतेय आणि भिडेनं बोलत नाही! मी वही ओढून उघडली. माझ्या नावापुढे ना टिक, ना काट.

मग सगळं ओकले. आजी खोटी, धने खोटे, पायरी खोटी. "अक्का, मारा काट. आणि उद्या डॉक्टरांकडे चला."

पद्मक्कांनी वही मिटून मांडीखाली ठेवली. रिकामा पेला माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, "गुण पहिल्याच दिवशी आला गं. पण टिक मारली की परीक्षा संपते. मग चार वाजता मी कुठे जाऊ?"